‘बाई’ हा शब्द हलका नाही

गेले काही दिवस एक मजकूर या फोनवरून त्या फोनवर फिरतो आहे. मला तो तिघींकडून आला. थोडक्यात म्हणणं असं: ‘बाई’ हा शब्द मोगलांनी आणला. कोठ्यावर नाचणाऱ्या स्त्रियांना ‘बाई’ म्हणत, पुढे तोच शब्द मोलकरणींना लागला. म्हणून थोर स्त्रियांच्या नावापुढचं ‘बाई’ काढून टाका, तिथे ‘माता’ किंवा ‘देवी’ लावा, आणि घरी कामाला येणाऱ्या स्त्रीला ‘मावशी’ म्हणा.

पाठवणाऱ्यांच्या मनात स्त्रियांचा मान राखावा हीच इच्छा आहे, याबद्दल मला शंका नाही. पण यातलं जवळजवळ प्रत्येक वाक्य चुकलेलं आहे, आणि शेवटची सूचना तर नको त्या बाजूला नेणारी आहे.

मोगलांचं आधी उरकते. बाबराने दिल्ली घेतली १५२६ मध्ये. त्याच्या अडीचशे वर्षं आधी चक्रधरस्वामी गोदाकाठच्या गावांतून फिरत होते आणि त्यांच्या शिष्यांत बाइसा, महदाइसा, आउसा अशा स्त्रिया होत्या. बाइसा म्हणजे ‘बाई’ला आदराचा ‘सा’. लीळाचरित्रात स्वामी स्त्रियांशी बोलताना ‘बाई’ अशीच हाक मारतात. ज्ञानदेवांची बहीण मुक्ताबाई त्याच शतकातली. देवगिरीवर दिल्लीची पहिली फौज आली ती १२९६ मध्ये. तोवर हा शब्द मराठी तोंडात पुरता रुळलेला होता. गुजरातीत तो आहे. राजस्थानात घरच्या लेकीला आजही मानाने ‘बाईसा’ म्हणतात. गोव्यात आणि तळकोकणात लहान पोरीलासुद्धा मायेने ‘बाय’ म्हणतात. परक्या दरबारातून उतरलेला शब्द असा पाळण्यापर्यंत पोचत नाही.

आता कोठ्याचा मुद्दा. उत्तरेत गाणाऱ्या-नाचणाऱ्या पेशातल्या स्त्रियांच्या नावामागे ‘बाई’ किंवा ‘जान’ लागायचं, हे खरं आहे. हिंदीत त्या शब्दाला तो वास आला आणि हिंदी सिनेमाने तो घरोघर पोचवला. मराठीतही ‘बाईच्या नादी लागला’, ‘बाई-बाटली’ असं आपण बोलतो, तेही नाकारायचं कारण नाही. पण मूळ अर्थ तो नव्हे. त्याच उत्तरेत मीराबाई आहे, आणि तिचं नाव भजनात घेताना कुणाची जीभ अडखळत नाही. आपल्याकडे तर गाण्यातल्या ‘बाई’पुढे मोठमोठ्यांनी मान तुकवली. गोव्याच्या केरीच्या केसरबाई आणि कुर्डीच्या मोगूबाई या कलावंत घराण्यांतून आल्या, जन्मावरून समाजाने लावलेला बोल त्यांनी सोसला, आणि दोघीही पद्मभूषण झाल्या. केसरबाईंची भैरवी १९७७ मध्ये व्हॉयेजर यानातून अंतराळात गेली. ‘केसरबाई’ या नावातून ‘बाई’ काढायची असेल, तर आधी मला सांगा, त्यात लाज कशाची? त्यांच्या पेशाची की आपल्या नजरेची?

मराठी घरात हा शब्द कुणाकुणाला लागतो ते पाहा. सासूबाई. विहीणबाई. जाऊबाई. आत्याबाई. नव्या सुनेने सासूला हलका शब्द लावायची काय बिशाद होती? मान द्यायचा म्हणूनच तो लागला. आणि देवीला? कोल्हापूरची अंबाबाई, मांढरदेवची काळुबाई. परडी घेऊन ‘उदो उदो’ करणारी भक्त काही आपल्या देवीला मोलकरीण म्हणत नाही. छत्रपतींच्या घरात जिजाबाई, सईबाई, येसूबाई, ताराबाई; पेशव्यांच्या घरात गोपिकाबाई, पार्वतीबाई. १८५७ च्या धामधुमीत झाशीत सापडलेले वरसईचे गोडसे भटजी राणीबद्दल लिहितात तेव्हा ‘बाईसाहेब’ लिहितात.

‘मोलकरणीचा शब्द’ या आरोपावर मात्र जरा थांबायला हवं.

मी मराठी शाळेत शिकले. सकाळी हजेरी व्हायची. बाई चष्मा नाकावर सरकवून, पटावर बोट ठेवून एकेक नाव घ्यायच्या आणि आम्ही ‘हजर बाई’ म्हणायचो. वर्गात दंगा चाललेला असला आणि दाराशी बसलेल्या मुलीने ‘बाई आल्या!’ एवढं म्हटलं की साठ पोरं गप्प. आता स्वयंपाकघरातून येणारं दुसरं वाक्य ऐका: ‘बाई आली.’ शब्द तोच. बदललं ते क्रियापद. मराठीत मान राहतो तो बहुतेक वेळा तिथे, त्या ‘आल्या’मध्ये. ‘कामवाल्या बाई’चं ‘कामवाली’ गळून नुसतं ‘बाई’ उरलं, आणि क्रियापदाचा आदरही त्याबरोबर गेला. तो आपण काढून घेतला; शब्दाने काही केलं नाही.

याहून जुनी एक गोष्ट आहे आणि तिच्याबद्दल हा मजकूर अक्षरही बोलत नाही. गावगाड्यात ‘बाई’ सगळ्यांना मिळत नव्हती. वाड्यातली सखूबाई असे, आणि अंगण झाडणारी, शेण काढणारी नुसती सखू. जनी, चिमी, गंगी. वय सत्तर झालं तरी गंगी. जात आणि गरिबी बघून नावाचं शेपूट तोडलं जायचं. अशा बाईला पहिल्यांदा कुणी ‘गंगूबाई’ म्हटलं असेल, तेव्हा ‘बाई’ या दोन अक्षरांनी तिला काय दिलं असेल याचा विचार करा. तिच्या नातीला आपण आज सांगणार की ते हलकं आहे, टाकून दे?

राहिला ‘माता’ आणि ‘देवी’चा आग्रह. ‘अहिल्यादेवी’ म्हणायला माझी हरकत नाही, सोलापूरच्या विद्यापीठाचं नाव तसंच आहे. पण पुण्याच्या विद्यापीठाला २०१४ मध्ये ‘सावित्रीबाई फुले’ हे नाव मिळालं, आणि त्यात मला काही उणं दिसत नाही. १८८२ साली पुरुषांना खडे सवाल विचारणारं पुस्तक लिहिणाऱ्या ताराबाई शिंदे, १८८६ मध्ये अमेरिकेतून डॉक्टर झालेल्या आनंदीबाई जोशी, कलकत्त्याच्या पंडितांनी पदवी दिल्यावरही ‘पंडिता रमाबाई’च राहिलेल्या रमाबाई: या शिकलेल्या, भांडलेल्या, चारचौघांत उभ्या राहिलेल्या बायका होत्या. देवी केली की हात जोडायचे आणि पुढे जायचं, वाद घालायची सोय उरत नाही. माता म्हटलं की बाईचा मान तिच्या आईपणातून येतो असं होतं. सावित्रीबाईंना स्वतःचं मूल नव्हतं. त्यांनी यशवंतला दत्तक घेतलं. त्यांचा मान १८४८ मध्ये भिडेवाड्यात मुलींपुढे उभ्या राहिल्या त्यातून येतो. त्या बाई होत्या, शाळेतल्या बाई.

आणि ‘मावशी’. आमच्याच इमारतीत पाहिलेली गोष्ट. तिशीतली एक स्त्री चार घरची भांडी करते. पन्नाशीच्या बाई तिला ‘मावशी’ म्हणतात, आणि पुढचं वाक्य असतं, ‘मावशी, कढई नीट घास गं, काल तशीच ठेवलीस.’ नातं जोडलं, पण ‘गं’ तसाच, ‘घास’ तसंच. सुट्टी मागितली की मावशीचे पैसे कापले जातात. त्याच मजल्यावर एक आजी आहेत, ऐंशीच्या पुढच्या. त्या दार उघडतात आणि तिचं नाव घेऊन, त्याला ‘बाई’ जोडून म्हणतात, ‘या. आधी चहा घ्या, मग भांड्यांचं बघा.’ कप घरातल्यांच्याच कपांतला असतो. ती ओट्याशी टेकून चहा पिते, आजी खुर्चीत बसून पितात, आणि दोघी पाण्याच्या वेळेबद्दल बोलत राहतात.