एमसीसीबी जितका मोठा तितका सुरक्षित?

औद्योगिक पॅनेलसाठी एमसीसीबी (मोल्डेड केस सर्किट ब्रेकर, म्हणजे करंट प्रमाणाबाहेर गेल्यास आपोआप ट्रिप होऊन तो तोडणारा स्विच) निवडण्याची एक सोपी युक्ती सर्रास सांगितली जाते: लोडचा करंट काढावा आणि त्याच्या दुप्पट रेटिंगचा ब्रेकर बसवावा, म्हणजे सुरक्षाही वाढते आणि मोटर सुरू होताना ट्रिपिंगही होत नाही, किलोअँपिअरचा आकडा (ब्रेकर तोडू शकेल तो शॉर्ट सर्किटचा करंट) मात्र पाहण्याचे कारण नाही, तो सगळ्यांत पुरेसाच असतो.

ही युक्ती धोक्याची आहे. पहिला मुद्दा रेटिंगचा. ब्रेकर मुख्यतः केबलचे रक्षण करतो, म्हणून त्याचे रेटिंग लोडच्या करंटहून कमी नसावे, तसेच केबलच्या वहनक्षमतेहून अधिकही नसावे. 400 व्होल्टवरची 37 किलोवॅटची मोटर पूर्ण भारावर सुमारे 68 अँपिअर घेते. तिच्या केबलची क्षमता 110 अँपिअर धरू. येथे 100 अँपिअरचा ब्रेकर योग्य ठरतो, पण दुपटीच्या हिशोबाने 160 अँपिअरचा येतो. आयईसी 60947-2 या मानकानुसार 63 अँपिअरहून मोठ्या ब्रेकरने 1.3 पट करंटला दोन तासांच्या आत ट्रिप व्हावे लागते. म्हणजे केबलमधून 208 अँपिअर तासदीड तास वाहत राहिले, तरी हा ब्रेकर मानकाप्रमाणे निर्दोषच ठरतो. इन्सुलेशनचे काय होईल, हे सांगायला नको.

यावर कोणी म्हणेल की मोटर फीडरमध्ये ओव्हरलोड रिले (मोटरवर जास्त भार आल्यास ती बंद करणारे उपकरण) असतोच. हा आक्षेप रास्त आहे, आणि अशा फीडरमध्ये मोठा ब्रेकर कधीकधी चालतोही. परंतु लांब केबलच्या टोकाला शॉर्ट सर्किट होऊन समजा 1300 अँपिअरच वाहिले, तर दहापट मॅग्नेटिक सेटिंगचा (रेटिंगच्या दहापट करंटला क्षणात ट्रिप होणारा) 100 अँपिअरचा ब्रेकर तत्काळ ट्रिप होतो, तर त्याच सेटिंगचा 160 अँपिअरचा ब्रेकर 1600 अँपिअरची वाट पाहत त्या करंटला निव्वळ ओव्हरलोड समजतो.

ट्रिपिंगची भीतीही अनाठायी आहे. सुरू होताना सातपट करंट धरला तरी तो 476 अँपिअर होतो आणि 100 अँपिअरच्या ब्रेकरच्या 1000 अँपिअरच्या सेटिंगपासून बराच दूर राहतो. जड पंख्यासारखा सावकाश वेग घेणारा लोड असेल, तर सुरू होण्याचा वेळ ट्रिप वक्राशी (किती करंटला ब्रेकर किती वेळात ट्रिप होतो, त्याचा आलेख) ताडून पाहावा.

किलोअँपिअरविषयीचे विधान मात्र मला सर्वांत घातक वाटते. 1000 केव्हीए, 400 व्होल्ट आणि 6 टक्के इम्पिडन्सच्या (शॉर्ट सर्किटचा करंट मर्यादित ठेवणारा अंतर्गत अडथळा) ट्रान्सफॉर्मरचा पूर्ण भार करंट 1443 अँपिअर असतो, आणि त्याच्या टर्मिनलजवळ शॉर्ट सर्किट झाल्यास सुमारे 24 किलोअँपिअर वाहू शकतात. तेथे 16 किलोअँपिअरचा ब्रेकर स्वतःच फुटण्याचा धोका असतो. असे दोन ट्रान्सफॉर्मर समांतर चालत असतील तर हा आकडा जवळपास दुप्पट होतो. उलट लांब केबलनंतर तो बराच घटतो, म्हणून प्रत्येक जागेचा हिशोब वेगळा करावा लागतो. शिवाय लेबलवरचा आकडा कोणत्या व्होल्टेजला दिला आहे, हेही पाहावे, कारण 415 व्होल्टची क्षमता 690 व्होल्टला टिकत नाही. आयसीयू (येथे रुग्णालयाचा संबंध नाही) म्हणजे ब्रेकर तोडू शकेल तो कमाल करंट. तो तोडल्यावर ब्रेकर पुन्हा वापरण्याजोगा राहीलच असे नाही. सेवेत राहण्याची हमी आयसीएस देते, आणि ती आयसीयूच्या 50 टक्केही असू शकते.

रेटिंग वाढवण्याचे एक रास्त कारण त्या युक्तीत येतच नाही, ते म्हणजे उष्णता. थर्मल-मॅग्नेटिक (ओव्हरलोडला उष्णतेने आणि शॉर्ट सर्किटला चुंबकाने ट्रिप होणाऱ्या) ब्रेकरचे रेटिंग बहुधा 40 अंश सेल्सिअसला दिलेले असते. बंद पॅनेलमध्ये तापमान त्याहून चढते, तेव्हा निर्मात्याच्या डीरेटिंग तक्त्यावरून (तापमानानुसार रेटिंग किती घटते ते सांगणारा तक्ता) ब्रेकर ठरवावा आणि केबलही त्याच तापमानाला तपासावी.