तरंगणाऱ्या विमानात गुडघे बरे होत नाहीत

अँजिओप्लास्टी झालेल्या आमच्या मोठ्या काकांनी परवा फोन करून विचारलं, "अरे, त्या तरंगणाऱ्या विमानाचं बुकिंग कुठं होते रे?" नागपूरच्या महाल भागातल्या त्यांच्या भजनी मंडळाच्या ग्रुपवर, विमानात माणसं हवेत तरंगतात असा एक व्हिडिओ फिरतोय. सोबतचा मजकूर असा: विमान गुरुत्वाकर्षणाच्या बाहेर जातं, शरीरावर ताण शून्य, गुडघे-कंबर मोकळी होते, हृदयरुग्णांनाही चालतं, आणि नागपूरहूनही सोय होणार.

'ताण शून्य' हे धादांत खोटं आहे, आणि राग याचाच येतो. फ्रान्समध्ये बोर्दोहून एअरबस ए-३१० हे विमान अशी उड्डाणं करतं. ते नाक वर करून चढतं तेव्हा सुमारे २० सेकंद शरीराचं वजन १.८ पट होतं. ६० किलोच्या माणसाला १०८ किलोचा भार! मग जेमतेम २२ सेकंद तरंगणं, आणि लगेच पुन्हा तोच भार. संशोधनाच्या एका उड्डाणात हे ३१ वेळा होतं. भार असताना हात उचलणंही जड जातं, मान वळवली की मळमळतं. तरंगणाऱ्याला वेळेवर पाय खाली घ्यावे लागतात, नाहीतर तो वाढलेल्या वजनानिशी आदळतो. दुखऱ्या गुडघ्यांना हे करायला लावायचं?

कंबरेचं म्हणाल, तर अंतराळात पाठीचा कणा लांबतो आणि अनेक अंतराळवीरांची पाठ त्यानेच दुखते.

गुरुत्वाकर्षणाच्या बाहेर कुणी जात नाही. हे विमान जातं त्या साडेआठ किलोमीटर उंचीवर ते अर्ध्या टक्क्यानेही घटत नाही. विमान आणि आतली माणसं एकाच वेगाने पडत असतात, म्हणून तरंगतात. नागपूरचं म्हणाल, तर मिहानमध्ये, म्हणजे विमानतळाजवळच्या औद्योगिक प्रकल्पात, विमानं दुरुस्तीला येतात, त्याचा याच्याशी काही संबंध नाही.

एक गोष्ट मान्य करावी लागेल. व्हीलचेअरला खिळलेले भौतिकशास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंग २००७ मध्ये, वयाच्या ६५ व्या वर्षी, खरंच असे तरंगले होते, आणि त्या मजकुरात त्यांचाच फोटो लावलाय. पण त्यांच्यासोबत विमानात डॉक्टर आणि नर्स होत्या, प्रकृतीवर सतत लक्ष होतं. आजार बरा करायला ते गेलेच नव्हते. आणि बोर्दोच्या विमानात तर धडधाकट माणसालाही वैद्यकीय प्रमाणपत्राशिवाय बसू देत नाहीत. 'हृदयरुग्णांनाही चालतं' हे ज्याने लिहिलं, त्याने ती ओळ आधी काढावी.