ती मंजची चावी आजच बदला

‘पाच मिनिटांत स्लर्म’ हा मेसेज नवी मुंबईतल्या मुलांच्या ग्रुपांवर फिरतोय. स्लर्म म्हणजे जोडलेल्या मशिनांवर (त्यांचा क्लस्टर) कामं, म्हणजे जॉब, वाटून देणारं सॉफ्टवेअर. परवा रबाळ्याला ठाण्याच्या गाडीत चढले आणि भाच्याचा फोन आला. “मावशी, त्यात लिहिलंय तसं केलं, तरी जॉब माझ्या नावाने चालतच नाही गं.” कॉलेजच्या लॅबमधल्या चार पीसींचा क्लस्टर आणि सबमिशन आठवड्यावर. म्हणून हे लिहितेय.

मेसेज सांगतो: सोबतची तयार मंज चावी (मंज म्हणजे मशिनांमध्ये यूझरची ओळख पटवणारा प्रोग्रॅम, चावी म्हणजे त्याची गुप्त फाइल) सगळ्या मशिनांवर टाका, तिला ७७७, म्हणजे सगळ्यांना सगळी, परवानगी द्या, सगळं रूटने, म्हणजे सर्वाधिकारी खात्याने, चालवा, फायरवॉल बंद करा, यूझरचं नाव सारखं असलं की पुरे.

आधी चावी. एका क्लस्टरच्या सगळ्या मशिनांवर चावी एकच लागते, हे खरं. पण ती त्याच क्लस्टरची हवी. मंज पासवर्ड विचारत नाही. चावी ज्याच्याकडे असेल, तो कुठल्याही यूझरचं, अगदी रूटचंही ओळखपत्र बनवू शकतो आणि पलीकडचं मशीन ते खरं मानतं. अशी फाइल ग्रुपवर टाकायची? नवी चावी एका कमांडने तयार होते! आणि ७७७ दिलं तर मंज सुरूच व्हायला नकार देतो. म्हणजे लिहिणाऱ्याने हे एकदाही करून पाहिलेलं नाही. भाच्याला तेवढं ६००, म्हणजे फक्त मालकापुरतं, करावंच लागलं.

‘नाव सारखं असलं की पुरे’ हे तर साफ चूक. मशीन नाव नाही, प्रत्येक यूझरला दिलेला नंबर बघतं. त्याला दोन्हीकडे ‘आयडी’ कमांड द्यायला लावली. मुख्य मशिनवर तो १००१, तिसऱ्या पीसीवर १००३. तिथे १००१ म्हणजे त्याच्या वर्गातली एक मुलगी, कारण त्या पीसीवर तिचं खातं आधी उघडलं होतं. याचा जॉब तिच्या खात्यावर चालला, आउटपुट फाइलही तिच्या नावावर पडली. स्लर्मच्या स्वतःच्या इन्स्टॉलेशन गाइडमध्ये स्पष्ट लिहिलंय की घड्याळं, यूझर आणि ग्रुप, नंबरांसकट, क्लस्टरभर जुळलेले हवेत. घड्याळंसुद्धा, कारण मंजचं ओळखपत्र एरवी ३०० सेकंदच टिकतं. घड्याळं जुळवणारा क्रोनी लावा.

रूटचं म्हणाल तर नोडवरचा, म्हणजे जॉब चालवणाऱ्या मशिनवरचा, स्लर्मडी हा प्रोग्रॅम रूटनेच चालतो, त्याला जॉब ज्याच्या-त्याच्या खात्यावर सुरू करायचा असतो. मुख्य मशिनवरच्या, जॉब वाटणाऱ्या कंट्रोलरला मात्र वेगळा साधा यूझर द्या.

फायरवॉलबद्दल थोडं मान्य करते. स्लर्मचे ६८१७ आणि ६८१८ हे पोर्ट उघडूनही एसरन, म्हणजे जॉब चालवायची कमांड, अडकतो, कारण तो मिळेल ते पोर्ट घेतो. त्यासाठी कॉन्फिगमध्ये पोर्टची रेंज ठरवता येते. तेवढी लॅबच्या नेटवर्कपुरती उघडा. कॉलेजच्या वायफायवर असलेल्या मशिनची फायरवॉल बंद करू नका.

भाच्याने रात्री नंबर जुळवले, जुन्या फाइलींची मालकी बदलली, चावी नवी केली. ज्यांनी मेसेजमधली चावी लावलीय त्यांनी सगळ्या मशिनांवर स्लर्म आणि मंज थांबवा, नवी फाइल टाका, मग आधी मंज आणि नंतर स्लर्म सुरू करा.