डेमो

पहाटे साडेतीनचा गजर झाला तेव्हा बायको कूसही न बदलता म्हणाली, ''आपल्या लग्नाच्या मुहूर्तालासुद्धा तू इतक्या वेळेवर उठला नव्हतास.'' मी अंधारात मोजे शोधत होतो. वाद घालायला एक तरी मोजा पायात असावा लागतो.

आमचा फोटोवाल्यांचा ग्रुप सात जणांचा. बँकेतून निवृत्त झालेले काका, दातांचे डॉक्टर, भूगोलाच्या बाई, दोन आयटीवाली पोरं, मी आणि सर. सर कशाचे सर, हे कुणी विचारलेलं नाही. त्यांच्याकडे 150-600 ची लेन्स आहे, तेवढं पुरतं. ती पिशवीतून बाहेर आली की माझी 70-300 आपोआप अंग चोरून बसते.

त्या रविवारी भिगवणला निघालो होतो. पुण्याहून सोलापूर रस्त्यानं शंभरेक किलोमीटर. उजनीचं पाणी ओसरायला लागलं की काठची उथळ दलदल उघडी पडते, तिथं रोहित पक्षी येतात आणि रोहितांमागोमाग पुणेकर येतात. पक्षी पाण्यात मान उलटी घालून खातात, पुणेकर कुंभारगावात चिलापी फ्राय खातात. फोटो मात्र फक्त पक्ष्यांचेच निघतात.

दोन होड्या केल्या. सर दुसऱ्या होडीत बसले, कारण त्यांच्या लेन्सला एक अख्खी फळी लागते. आमचा नावाडी विशीतला पोरगा होता, पण त्यानं बसल्याबसल्या विचारलं, ''ऊन पाठीमागं घेऊ ना सर?'' आमच्यातल्या दोघांना हे कळायला तीन वर्षं आणि एक कार्यशाळा लागली होती. काका त्याला म्हणाले, ''जरा जवळ घे की, उडू देत एकदा.'' तो म्हणाला, ''उडतील त्यांचं ते. आपण न्हाई उठवायचं.'' काका गप्प झाले. मला तो पोरगा फार आवडला.

आणि ते उडाले, त्यांचं ते. रोहित एकदम उडत नाही. एसटी सुटल्यावर मागं धावणाऱ्या माणसासारखा तो आधी पाण्यावरून पळतो, लांब पाय फदफद आपटत, आणि मग एकदाचा वर उठतो. तोवर पांढुरका वाटणारा पक्षी पंख उघडतो आणि आतून लालभडक, काठाला काळा निघतो. अग्निपंख म्हणतात ते उगाच नाही. मी शटरचा वेग 1/2000 सेकंद ठेवून बोट दाबून धरलं. खटखटखटखट. लहानपणी छत्तीस फोटोंच्या एका रोलमध्ये गणपती, दिवाळी आणि मामाचं लग्न बसवलं जायचं. आता छत्तीस फोटोंत एका पक्ष्याचं एक पाऊल.

मग स्क्रीनवर पाहिलं. फोटो सुरेख आला होता आणि त्याच्या कोपऱ्यात एक शब्द होता: डेमो.

काल रात्री पुतण्याच्या मुंजीचे फोटो उतरवायला कार्ड लॅपटॉपमध्ये घातलं होतं. (चांगला कॅमेरा असलेल्या माणसाला मुंजीत जेवायला मिळत नाही, हा वेगळा विषय.) ते कार्ड तिथंच राहिलं होतं. माझा कॅमेरा मात्र सुसंस्कृत. कार्ड नसलं तरी तो खटका उडवू देतो, क्षणभर फोटोही दाखवतो, फक्त ठेवत काहीच नाही.

जादा कार्ड मागता आलं असतं. पण मागच्याच महिन्यात डॉक्टर बॅटरी विसरले, तेव्हा सगळ्यांत मोठ्यानं मी हसलो होतो. तेव्हा पुढचे दोन तास मी रिकाम्या कॅमेऱ्यानं फोटो काढले. गुडघ्यावर बसून काढले, श्वास रोखून काढले. बाईंना ''एक्स्पोजर थोडं खाली घ्या'' असा सल्लाही दिला. त्यांचा फोटो सुधारला.

पुढच्या रविवारी डॉक्टरांकडे बैठक. टीव्हीला लॅपटॉप जोडायचा, प्रत्येकानं पाच फोटो दाखवायचे. आमच्याकडे कुणी कुणाला नावं ठेवत नाही. 'मूड छान आलाय' म्हणजे फोटो हललाय. 'फ्रेम वेगळी आहे' म्हणजे पक्ष्याचे पाय कापले गेलेत. 'एडिट करून बघा' म्हणजे पुसून टाका. आणि सगळ्यांचाच फसला असेल तर त्या दिवशी उजेड कडक होता. सहा जणांचे तीस फोटो झाले, त्यातले निम्मेशिम्मे एकाच रोहिताचे. काकांच्या फोटोत तो किंचित डावीकडे होता, एवढाच फरक.

''तुमचे?'' बाईंनी विचारलं.

''यावेळी मी फारच सिलेक्टिव्ह होतो,'' मी म्हणालो. ''काही ठेवावंसंच वाटलं नाही.''

खोलीत आदराची शांतता पसरली. आयटीवाल्यांपैकी एकानं तर हळूच स्वतःचे दोन फोटो पुसले.

''तुमचा पण एक काढलाय बरं का, तुमच्या नकळत,'' सर म्हणाले आणि पडद्यावर मी आलो. पाठमोरा, होडीच्या काठावर, खाली मान घालून कॅमेऱ्याच्या स्क्रीनकडे बघणारा. पाठीमागून ऊन. खरं सांगायचं तर माझा इतका चांगला फोटो आजवर कुणी काढलेला नाही.

''मूड छान आलाय,'' मी घाईनं म्हणालो.

''मूड सोडा, डिटेल बघा,'' म्हणत सरांनी सवयीप्रमाणे फोटो शंभर टक्क्यांवर नेला. शर्टाची वीण दिसली. मग कानावरचे पांढरे केस. मग कॅमेऱ्याची स्क्रीन, तिच्यावर इवलासा रोहित आणि त्याच्या कोपऱ्यात एक शब्द.

''हे डेमो काय आहे?'' डॉक्टरांनी पुढं वाकून विचारलं.

''काय का असेना,'' सर अभिमानानं म्हणाले, ''अक्षरं वाचता येतायत की नाही? याला म्हणतात लेन्स!''