खोटा आवाज घसा बिघडवत नाही, काळी चार बिघडवते

सोंगी भजनात बाईचं सोंग घेतलेला गडी पातळ आवाजात गायला लागला की मांडवातलं कोणीतरी म्हणतंच, "ह्याचा घसा जाणार बघ." मला हे पटत नाही. फॉल्सेटोनं, म्हणजे आपल्याकडच्या खोट्या आवाजानं, पुरुषाचा घसा जात नाही. जातो तो खोट्यात जायच्या अलीकडं भरीव आवाज ताणून ओरडल्यानं.

भरीव आवाजात स्वरतंतू जाड असतात आणि एकमेकांवर जोरात आदळतात. खोट्या आवाजात ते ताणून पातळ होतात, कडा तेवढ्या थरथरतात, मधे बारीक फट राहते. म्हणजे आदळणं उलट कमीच. फटीतून वारा सुटतो, म्हणून आवाज बारका लागतो आणि दम लवकर संपतो. मग माईकला पुरावा म्हणून गडी मान पुढं काढतो, गळ्याची घाटी वर ओढतो आणि जोर लावतो. सूज येते ती ह्या जोरानं.

आता पेटीकडं या. बहुतेक पुरुषांचा भरीव आवाज जिथं सुटायला लागतो, तो सांधा काळी एकमध्ये, म्हणजे पेटीची पहिली काळी पट्टी षड्‌ज धरली तर, तार गंधार-मध्यमाच्या आसपास येतो. भजन काळी चारला, म्हणजे चौथ्या काळ्या पट्टीवर, धरलं की तोच सांधा मध्य सप्तकातल्या धैवतावर येऊन बसतो. तार षड्‌ज तर त्याच्याही पलीकडं. अभंगाची अर्धी चाल त्या सांध्यावरच रेंगाळते, आणि खानापूरपासून निपाणीपर्यंत मंडळं रात्रभर तिथंच भरीव आवाज रेटतात. पट्टी दोन-तीन सुरांनी उतरवा. नाहीतर सांधा आला की आवाज हलका सोडून खोट्यात जाऊ द्या. ह्यात कमीपणा कसला?

सराव वरून खाली करायचा. तार पंचमावर हलका 'ऊ' धरून मध्य षड्‌जापर्यंत घसरत या, आवाज फुटला तरी थांबू नका. भांड्यात दोन बोटं पाणी घेऊन स्ट्रॉमधून बुडबुडे काढत हेच करा. पाच-सात मिनिटं, दिवसातून दोनदा, पुष्कळ झालं. ओळींचे तुकडे लहान पाडा. क्षयानं एक फुप्फुस निकामी झाल्यावर कुमार गंधर्वांनी (जन्म १९२४, आपलं बेळगावजवळचं सुळेभावी) छोट्या तुकड्यांतच केवढं गाणं उभं केलं!

खडीसाखर, मिरी चघळून स्वरतंतूंना काही लागत नाही, कारण गिळलेलं अन्ननलिकेत जातं. पाणीसुद्धा अंगात मुरून मगच तिथवर पोचतं, तेव्हा कार्यक्रमाच्या दोन-तीन तास आधीपासून थोडं थोडं प्या. बिडी-तंबाखूचं वेगळं सांगायला नको.

खोट्या आवाजाचा आणखी एक उपयोग फार थोडे करतात. भजनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी अगदी हळू, उंच 'ऊ' लावून बघा. आधी नुसती हवा येऊन सूर उशिरा लागला, किंवा हळू लागेचना आणि जोर केल्यावरच लागला, तर स्वरतंतूंच्या कडा सुजल्यात असं धरून चाला. त्या दिवशी गाणं बंद, खाकरणं बंद, कुजबुजणंसुद्धा बंद. दोन-तीन आठवडे घसा बसलेलाच राहिला तर कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून दुर्बिणीनं तपासून घ्या.

पोरांचं मात्र वेगळं. बारा ते पंधराच्या आसपास आवाज फुटतो, तेव्हा मंडळाला बाईचा आवाज हवाय म्हणून पोराला पातळ आवाजातच अडकवून ठेवू नका. फुटल्यावरही बोलणं पातळच राहिलं तर स्पीच थेरपिस्ट तो खाली आणून देतो, आणि बहुतेक वेळा थोड्या बैठकांत.