पेस्ट फेकताय, आणि टँकरचं काय?

परवा सोसायटीच्या ग्रुपवर अमेरिकेचा एक व्हिडिओ फिरत होता, फ्लोराइड म्हणजे विष, युटा राज्याने २०२५ मध्ये नळाच्या पाण्यात ते टाकणंच बंद केलं वगैरे. झालं, दोन तासांत चार जणींनी पोरांच्या फ्लोराइडवाल्या पेस्ट बदलल्या, एकीने तर कडुलिंबाची पावडरसुद्धा मागवली.

अगं बायांनो, आपल्याकडे पाण्यात फ्लोराइड टाकतंय कोण! ठाण्याला येतं ते भातसा वगैरेचं नदीचं पाणी, त्यात ते मुळात कमीच असतं. घोळ असतो तो जमिनीखाली, खडकातून पाण्यात उतरतं ते, म्हणजे बोअर आणि हातपंप.

माझं आजोळ यवतमाळ जिल्ह्यात, पांढरकवड्याकडे. मामेबहिणीचे दात पहिल्यापासून तपकिरी, पट्टे पट्टे. कॉलेजात पोरी विचारायच्या, खर्रा (तंबाखू-सुपारी) खातेस का गं? बिचारी हसताना तोंडावर ओढणी धरायची, अजूनही धरते. आणि तेच पाणी पिणाऱ्या मामीचे दात मात्र पांढरेशुभ्र, कारण ती लग्न होऊन त्या गावात आली! पक्के दात साधारण आठ वर्षांपर्यंत हिरडीच्या आत तयार होत असतात, तेव्हा फ्लोराइड जास्त पोटात गेलं की इनॅमल, म्हणजे दातावरचं टणक आवरण, नीट बनत नाही, मग नंतर कितीही घासा. आपल्या देशाच्या मानकात लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत ठीक, दुसरी सोयच नसेल तर १.५. आणि उकळून जात नाही हं ते, उलट पाणी आटतं नि प्रमाण वाढतं. आरओने कमी होतं.

पेस्टमधलं फ्लोराइड दात किडू नयेत म्हणून चांगलंच आहे, फक्त पोरांनी गिळायला नको. तीन वर्षांच्या आत तांदळाच्या दाण्याएवढी, मग सहापर्यंत वाटाण्याएवढी, बस. जाहिरातीत ब्रशभर लाट काढतात ती कशाला कुणास ठाऊक.

मला टेन्शन आहे ते टँकरचं. घोडबंदरला एप्रिल-मे आला की आपण कुठलं पाणी पितो? सेक्रेटरी काकांना विचारलं, रिपोर्ट आहे का, तर त्यांनी माझ्यासमोरच टँकरवाल्याला फोन लावला. तो म्हणे, "बोअरचं आहे, एकदम गोड, मॅडमना पिऊन बघायला सांगा."

अरे दादा, ते चवीला कळत नाही! शनिवारी टँकर आला की बाटली भरून लॅबला देणारे, सोसायटीने पैसे नाही दिले तर मी भरीन. रिपोर्ट इथेच टाकते.