गीझर बंद पडण्याआधीच ठरवायला हवे होते

गेल्या हिवाळ्यात एका सकाळी आमचा गॅसचा गीझर कायमचा बंद पडला. घरात वयस्कर माणसे असल्यामुळे गरम पाण्याविना दोन दिवस काढणेही शक्य नव्हते आणि संध्याकाळपर्यंत जो हाताशी मिळाला तो, म्हणजे पुन्हा गॅसचाच गीझर, भिंतीवर बसला. घरात इंधन जाळणे थांबवायचे, असे आम्ही वर्षभर बोलत होतो. त्या एका दिवसात मात्र पुढच्या दहा-बारा वर्षांचे ज्वलन आम्ही पुन्हा पदरात घेतले. याची मला अजून हळहळ वाटते, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

इच्छा नव्हती म्हणून असे झाले नाही, तयारी नव्हती म्हणून झाले. गॅसऐवजी आम्हाला विजेवर चालणारा हीट पंप हवा होता. हे उपकरण उष्णता निर्माण करत नाही. फ्रिज ज्या तत्त्वावर चालतो त्याच तत्त्वाने ते बाहेरच्या हवेतली उष्णता उचलून पाण्यात आणून सोडते. शंभर लिटर पाणी 30 अंशांनी तापवायला सुमारे साडेतीन युनिट ऊर्जा लागते. साधा विजेचा गीझर त्यासाठी किमान तेवढी वीज घेतो, तर हीट पंपाचे काम बहुधा एक-सव्वा युनिटात भागते. पण त्याला मोठी टाकी लागते, हवा खेळती राहील अशी जागा लागते आणि तो पाणी सावकाश तापवतो. एवढी सोय घाईच्या एका संध्याकाळी कशी होणार?

वीजसुद्धा कोळशावरच तयार होते, मग फरक काय पडतो, असे अनेक जण विचारतात. हा आक्षेप मी गंभीरपणे घेतो. कोळशातल्या ऊर्जेचा ढोबळमानाने एक-तृतीयांश भागच विजेच्या रूपाने हाती येतो, त्यामुळे अशा विजेवर साधा गीझर चालवून पर्यावरणाचे भले होत नाही, हे मान्यच करायला हवे. हीट पंप मात्र ती तूट बऱ्याच अंशी भरून काढतो. शिवाय वीजजाळ्यात सौर आणि पवन ऊर्जेचा वाटा जसजसा वाढतो, तसतसे भिंतीवरचे तेच उपकरण आपोआप अधिक स्वच्छ होत जाते. गॅसचा बर्नर शेवटच्या दिवसापर्यंत इंधनच जाळतो.

स्वयंपाकघराबाबत मला आता अजिबात संदेह उरलेला नाही. गॅसच्या ज्योतीची बरीचशी उष्णता भांड्याच्या कडेने निघून जाते. इंडक्शनवर वापरलेल्या विजेपैकी 80 टक्क्यांहून अधिक ऊर्जा भांड्यात उतरते, कारण तिथे भांड्याचा तळच तापतो. ज्योतीबरोबर नायट्रोजन डायऑक्साइडही घरात पसरतो, आणि दमा असलेल्या मुलाला त्याचा त्रास होतो, ही बाब मला पैशांच्या हिशेबापेक्षा मोठी वाटते. भांड्यांची चिंताही वाटते तेवढी मोठी नाही: तळाला लोहचुंबक घट्ट चिकटला की ते भांडे चालते.

खरी अडचण भिंतीच्या आत असते. आम्ही ओट्यावरचा सॉकेट उघडून घेतला तेव्हा आतले प्लास्टिक तपकिरी पडलेले होते आणि वायर दिव्यापंख्यांना पुरेल इतकीच बारीक होती. 2000 वॉटची शेगडी 230 व्होल्टवर जवळपास नऊ अँपिअर प्रवाह ओढते. तिच्यासाठी जाड वायर, स्वतंत्र एमसीबी (प्रवाह जास्त झाला की वीज आपोआप तोडणारा स्विच) आणि खात्रीचे अर्थिंग हवेच, आणि घराचा मंजूर भारही, म्हणजे वीज कंपनीने मंजूर केलेली वापराची मर्यादाही, आधीच वाढवून घ्यावा लागतो. भिंत फोडायचीच असेल, तर पुढे येणाऱ्या विजेच्या गाडीच्या चार्जरची वायरही त्याच वेळी टाकून घ्यावी.

आम्ही ही कामे आता करून घेतली आहेत. टाकीची जागा मोजून ठेवली आहे आणि गीझरच्या शेजारी जाड वायर येऊन थांबली आहे. गॅसच्या शेगडीचा डावा बर्नर सध्या नीट पेटत नाही. त्याची दुरुस्ती आम्ही करणार नाही.